घासलेल्या झाडांची रांग

शिंगं घासून साल सोललेलं एक झाड दिसलं, तर तिथून कधीतरी एक नर हरीण गेलं एवढंच कळतं. ते कुठून आलं, कुठे निघालं होतं आणि मुख्य म्हणजे उजेडी गेलं की अंधारात, हे एका झाडावरून सांगता येत नाही. त्यासाठी दुसरं झाड शोधावं लागतं, मग तिसरं. अशी झाडं एका वाटेवर ओळीने सापडली की इथले शिकारी त्याला ‘रब लाइन’ म्हणतात. घासलेलं झाड म्हणजे रब. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात गेली काही वर्षं मी या रांगा वाचतोय. शिकारीच्या हंगामातल्या प्रत्यक्ष मचाणावर बसण्यापेक्षा आधीची ही वाचनाची कामगिरी मला जास्त महत्त्वाची वाटते, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

मी मॅडिसनला राहतो आणि सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. शिकारीला जातो ते तिथून दीडेक तासावर, एका दूधवाल्या शेतकऱ्याच्या जमिनीवर. या मुलखाला ‘ड्रिफ्टलेस एरिया’ म्हणतात. हिमयुगात बर्फाच्या प्रचंड थरांनी आजूबाजूचा प्रदेश घासून सपाट केला, पण हा तुकडा त्यातून सुटला. त्यामुळे इथे अजून डोंगर आहेत. उंचीला सह्याद्रीच्या पासंगालाही पुरणार नाहीत, पण धार, सोंड, घळ, पदर सगळं जागच्या जागी आहे. पुण्यात असताना ज्याने भरपूर डोंगर तुडवले आहेत, त्याला इथला नकाशा वाचायला वेळ लागत नाही. खाली दरीत मका आणि सोयाबीन, उतारावर ओक आणि हिकरी, उन्हाच्या बाजूच्या कोरड्या उतारांवर रेड सीडरची झाडं.

शिकारीचं नाव काढलं की भारतातले नातेवाईक चमकतात, आणि ते बरोबरच आहे. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आणि ती बंदच राहिली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. इथलं गणित वेगळं आहे. पांढऱ्या शेपटीचं हरीण इथे अमाप आहे. लांडगे उत्तरेकडच्या जंगलांत आहेत, या शेतीच्या पट्ट्यात हरणांना आवर घालणारं मोठं जनावर उरलेलं नाही. परवाने किती आणि कुठे द्यायचे हे राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं दरवर्षी ठरवतं. १ जानेवारी १९७३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय सहसा परवाना मिळत नाही. बंदुका आणि काडतुसांवरच्या केंद्रीय कराचा पैसा १९३७च्या कायद्यापासून वन्यजीव संवर्धनाकडे वळवला जातो. मी बंदूक वापरत नाही. धनुष्याने शिकार करतो, म्हणजे जनावर वीस-पंचवीस पावलांवर यावं लागतं. ते आपण होऊन इतकं जवळ कुठून जाईल, हे आधी माहीत असल्याशिवाय धनुष्याचा काही उपयोग नाही. आमच्या भागात मका टाकून हरणाला बोलवायलाही बंदी आहे. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा मेंदू पोखरणारा रोग विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली आढळला, तो एका जागी गर्दी झाली की पसरतो, म्हणून ही बंदी. थोडक्यात, माग काढण्याला पर्याय नाही.

आता नर झाड का घासतो ते सांगतो, कारण त्यावरच पुढचं सगळं उभं आहे. वसंतात शिंगं उगवायला लागतात तेव्हा त्यांच्यावर मखमलीसारखी कातडी असते. ऑगस्टच्या शेवटी, सप्टेंबरच्या सुरुवातीला दिवस लहान होत जातात, नराच्या शरीरातलं टेस्टोस्टेरॉन वाढतं आणि ती कातडी सुकून एखाद्या दिवसात गळून पडते. ती काढण्यासाठी तो थोडं घासतो, पण जंगलात दिसणारे बहुतेक रब त्यासाठी नसतातच. ते निरोप असतात. नराच्या कपाळाच्या कातडीत गंधग्रंथी असतात. जॉर्जिया विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८२मध्ये त्यांच्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. माजाच्या दिवसांत या ग्रंथी जोरात काम करतात, आणि वयाने मोठ्या, वरचढ नरांमध्ये सगळ्यात जास्त. साल सोलली की आतलं ओलं लाकूड उघडं पडतं, त्यावर कपाळ घासून तो आपला वास ठेवतो. मागून येणारं हरीण, मग तो नर असो की मादी, ते हुंगतं. डोळ्याला दिसणारी पांढरी खूण आणि नाकाला कळणारी खूण, दोन्ही एकाच जागी.

म्हणूनच तो झाडही निवडून घेतो. सीडर, पाइन, रानचेरी, सुमॅक, अ‍ॅस्पेन ही झाडं त्याला आवडतात. बहुतेकांना उग्र वास असतो आणि साल सहज सुटते. मोठा ओक रब म्हणून मला क्वचितच दिसलाय.

आमच्या शेतमालकांनी मला पहिल्या वर्षी मक्याच्या शेताचा कोपरा दाखवला. बांधावर सुमॅकची आणि कोवळ्या अ‍ॅस्पेनची झाडं दाटीने वाढली होती आणि त्यातली निम्मीअधिक सोललेली होती. “इथे मोठा नर येतो,” ते म्हणाले, “पण दिवसाउजेडी तो कुणाला दिसलेला नाही. मचाण इथे बांधू नकोस.” सत्तरी ओलांडलेल्या माणसाचं हे एक वाक्य पुढे फार कामी आलं. शेताच्या काठावरचे रब बहुतेक रात्रीचे असतात. अंधार पडल्यावर हरणं उघड्यावर येतात, खातात, एकमेकांना रेटतात आणि काठावरची झाडं सोलतात. जमिनीवर चार तास थंडीत बसून तिथे काही हाती लागत नाही. पण तो शेतावर येतो हे पक्कं कळलं, म्हणजे रांगेचं एक टोक सापडलं. दुसरं टोक त्याच्या बसायच्या जागेशी असतं. माझं काम त्या दोघांच्या मधलं.

हे काम मी मार्चच्या शेवटी करतो. बर्फ नुकतंच वितळलेलं असतं, झुडपांना पानं फुटलेली नसतात, गेल्या पानझडीतले रब शंभर पावलांवरूनही डोळ्यात भरतात. त्या दिवसांत त्याच्या बैठकीपर्यंत चालत गेलं तरी बिघडत नाही, हंगाम यायला सहा महिने आहेत. हेच ऑक्टोबरात केलं तर तो ती जागाच सोडतो. पँट मोज्यांत खोचायची, घरी आल्यावर अंगभर गोचीड शोधायची. इथल्या काळ्या पायाच्या गोचिडीमुळे लाइम रोग होतो आणि ऊन पडलं की ती मार्चमध्येही फिरते.

एकदा मुलीला बरोबर नेलं होतं. शेताच्या कोपऱ्यातून आम्ही घळीच्या कडेने वर चढायला लागलो. हरणांची वाट स्पष्ट होती, लेंड्याही होत्या, पण रब दिसेनात. ती माझ्या पुढे गेली, एका ओंडक्यावर उभी राहिली आणि खाली वळून म्हणाली, “बाबा, तू इकडे ये ना. इथून बघ, सगळी झाडं सोललेलीच आहेत!” वर जाऊन खाली पाहिलं, तर आम्ही ज्या वाटेने आलो त्याच वाटेवरच्या चार-पाच झाडांचे बुंधे फिकट पिवळे चमकत होते. सगळे वरच्या अंगाने सोललेले.

रब लाइन वाचण्याचं मर्म इथे आहे. नर चालत येतो, समोर झाड आलं की मान खाली घालून पुढूनच घासतो. म्हणजे सोललेली बाजू तो जिकडून आला तिकडे असते. ही झाडं डोंगराच्या बाजूने सोललेली होती, म्हणजे घासताना तो वरून खाली, शेताकडे चालला होता. शेताकडे तो संध्याकाळी जातो. तर ही त्याची संध्याकाळची वाट. सोललेल्या बाजू शेताकडे असत्या, तर ती पहाटे परतण्याची वाट ठरली असती, आणि दोन्ही वाटा एकच असतील असं धरून चालू नये. बहुतेकदा नसतात.

मी प्रत्येक झाडाची जागा फोनवरच्या नकाशात टाकतो आणि सोललेली बाजू कुठल्या दिशेला आहे ते होकायंत्राने पाहून लिहितो. एकेका झाडावर विसंबत नाही. तीव्र उतारावर त्याला पाय रोवायला जिथे जागा मिळेल तिकडून तो घासतो, काही झाडं चहूबाजूंनी सोललेली असतात, काही दोन नरांनी दोन दिशांनी. पण ओळीने सात-आठ झाडं एकच दिशा सांगू लागली की शंका उरत नाही.

दिशेनंतर वय. गेल्या शरदातला रब मार्चमध्ये फिकट पिवळा किंवा बदामी असतो, कडा तुटक्या, सालीच्या चिंध्या लोंबणाऱ्या. त्याच्या आधीच्या वर्षीचा राखाडी पडतो आणि कडेने झाड नवी साल चढवायला लागतं, जखमेच्या दोन्ही अंगांनी गोल कड येते. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते असं झाड, ज्यावर हे दोन्ही आहे: आतमध्ये जुना राखाडी व्रण, त्यावर नवीन ओरखडे. आमच्या या वाटेवर मांडीएवढ्या जाडीचं एक सीडर आहे. त्याच्या बुंध्यावर कमरेच्या खाली किती वर्षांचे थर आहेत ते सांगता येणार नाही. मधलं लाल लाकूड गुळगुळीत झालंय, कडेला खोल खाचा आहेत आणि त्या दिवशी चिकाच्या एका थेंबात आखूड, तपकिरी केस अडकलेले होते. कपाळाचे केस. मुलीने नखाने थोडा चीक खरवडून हुंगला, हातांना दिवसभर सीडरचा वास होता. अशा झाडावर एकच नर येत नाही, त्या डोंगरावरचे बहुतेक नर येऊन वास घेतात, आपला ठेवतात. पिढी बदलली तरी झाड चालू राहतं.

आकारावरून मोठा नर ओळखता येतो का? अर्धवट. मनगटाएवढ्या झाडाला कुणीही भिडतं, मोठाही आणि दीड वर्षांचं पोरही. मांडीएवढं झाड जोरात सोललेलं असेल तर मात्र मोठा नर जवळपास नक्की, लहान नर तिथे सहसा भिडत नाही. त्याहून मी पाहतो ते आजूबाजूच्या काटक्या. घासताना शिंगांची टोकं मागच्या झुडपांना लागतात. मुख्य झाडाच्या मागे वितभर अंतरावरच्या रोपांवर उभे ओरखडे असतील, तर त्या शिंगांना लांबी आहे. आणि लाकडाचा पृष्ठभाग किसणीने किसल्यासारखा खरखरीत असेल, तर शिंगांच्या बुडाशी दाणे भरपूर आहेत, हे सहसा वाढलेल्या वयाचं लक्षण.

ती रांग घळीच्या माथ्याला वळसा घालून एका पदरावर चढली आणि पदराच्या टोकाला, आग्नेयेकडे उतरणाऱ्या सोंडेवर, धारेच्या जरा खाली, आम्हाला त्याची बैठक सापडली. पाचोळ्यात दबलेली एकच लांबट खोलगट जागा, बाजूला तीन लहान रब आणि ढीगभर लेंड्या. माद्या-पाडसांच्या बैठकी लहानमोठ्या, चार-पाच एकत्र असतात. ही एकट्याची होती. तिथे मी पाचोळ्यात बसून पाहिलं: पाठीवर वायव्येचा वारा धारेवरून येतो, म्हणजे मागून कुणी आलं तर वास पोहोचतो, आणि समोरचा सगळा उतार डोळ्यांखाली. दिवसा ऊन तापलं की दरीतली हवा वर चढते, खालचाही वास त्याला मिळतो. त्या जागेत त्याला फसवणं अशक्य आहे. तो उठून चालायला लागल्यावरच काही करता येईल.

मग प्रश्न उरला तो एवढाच की उजेड संपण्याआधी तो रांगेवर कुठपर्यंत येतो. कायद्याची वेळ सूर्यास्तानंतर थोड्याच वेळात संपते. बैठकीच्या फार जवळ गेलं तर तो चाहूल घेतो, फार खाली राहिलं तर तो अंधारात येतो. मी घळीचा माथा निवडला. तिथे हरणांना वळसा घालावाच लागतो, वाट आपोआप अरुंद होते. मचाणासाठी वाटेच्या खालच्या अंगाचा एक ओक धरला, कारण सूर्य डोंगराआड गेला की हवा थंड होऊन घळीत उतरते. आपण वाटेच्या वर बसलो तर आपला वास त्याच हवेबरोबर थेट त्याच्या नाकात. खाली बसलो तर तो घळीतून निघून जातो. वायव्येचा वाराही त्याच दिशेने ढकलतो. इतर कुठल्याही वाऱ्याला तिथे बसायचं नाही, हे मी स्वतःशी पक्कं केलं आणि पाळलं.

सप्टेंबरात फक्त खातरजमा. पाऊस पडून गेल्यावर, भर दुपारी, रबरी बूट घालून शेताच्या काठाकाठाने जायचं, आत शिरायचं नाही. ताज्या रबखाली सालीचा कीस पाचोळ्यावर पडलेला असतो, ओला आणि वास येणारा. पाचोळ्याखाली गेला असेल तर जुना. धनुष्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यात सुरू होतो, पण या वाटेसाठी मी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्याची वाट पाहतो. त्याच्या आधी तो उशिरा उठतो. नोव्हेंबर लागला की माद्यांच्या मागे लागतो, मग तो कुठे सापडेल याचा नेम नाही आणि रांगेचा उपयोग संपतो.

त्या संध्याकाळी थंड वाऱ्याची लाट नुकतीच येऊन गेली होती, वारा वायव्येचा. हार्नेस, म्हणजे सुरक्षेचा पट्टा, अडकवून मी वर बसलो होतो. सूर्य धारेआड गेला आणि वरच्या पदरावरून खर्र खर्र असा आवाज आला. दुर्बिणीतून पाहिलं तर मनगटाएवढ्या रानचेरीला तो भिडला होता. मान वळवून शिंगांची बुडं वर-खाली, पूर्ण ताकदीने. मग थांबला. सोललेलं लाकूड हुंगलं, चाटलं. त्यानंतर त्याने शिंगं नव्हे, कपाळ टेकवलं आणि अगदी सावकाश, डोळे अर्धे मिटून ते त्या ओल्या लाकडावर घासत राहिला. वाचलेलं सगळं तिथे समोर घडत होतं. नंतर तो सोललेल्या बाजूने झाडाला वळसा घालून खाली उतरला, सीडरपाशी थांबून नुसतं हुंगलं आणि घळीच्या माथ्यावरून माझ्यासमोर आडवा आला. बावीस यार्डांवर मी बाण सोडला.

अर्धा तास वर बसून राहिलो, मग रक्ताच्या थेंबांवरून घळीत उतरलो. तो ओढ्याच्या अलीकडेच पडला होता, आठ टोकांच्या शिंगांचा. शिंगांच्या बुडाशी दाण्यांच्या फटींत हिरवट साल आणि सीडरचा लाल भुसा ठासून बसला होता. शेतमालक छोटी गाडी घेऊन आले, आम्ही दोघांनी त्याला वर काढलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत ऑनलाइन नोंद करायची असते, ती केली. रोगाच्या तपासणीसाठी डोकं खात्याच्या केंद्रावर ठेवून आलो. निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये, तपासणीशिवाय आमच्याकडे एक तुकडाही शिजत नाही. रोग नाही असं कळल्यावर बायकोने कांदा-खोबऱ्याचं वाटण घालून सुकं केलं. या मांसात चरबी जवळपास नसते, त्यामुळे मटणापेक्षा तेल थोडं जास्त आणि आच मंद लागते.

पुढच्या मार्चमध्ये पुन्हा त्या वाटेने चढलो. सीडरवर नवे ओरखडे होते, रानचेरीच्या शेजारची दोन रोपं सोललेली होती आणि सगळ्या बाजू वरच्याच अंगाला. दुसऱ्या नराने तीच वाट धरली होती. बदल एकच होता: दरीत मक्याच्या जागी त्या वर्षी सोयाबीन होतं आणि पदराच्या मध्यावरून रांगेला एक फाटा फुटून वरच्या ओकांकडे गेला होता, जिथे शरदात फळांचा सडा पडला होता. फाट्यावरचे रब बारीक झाडांवर आहेत, ते एखाद्या लहान नराचेही असू शकतात. पहाटेची वाट मात्र अजून सापडलेली नाही. शेताच्या बाजूने सोललेली तीन झाडं ओढ्याच्या पलीकडच्या उतारावर आहेत, एकमेकांपासून बरीच लांब, आणि त्यांच्या मधल्या काटेरी जाळ्यांत आम्ही नीट शिरलेलो नाही. या वर्षी बर्फ वितळलं की मुलगी खालून आणि मी वरून, असे दोन बाजूंनी तिथे शिरणार आहोत.